रेणूला हिंदीत काय म्हणतात

आमची आई ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि मी तिच्याच वर्गात होते. लोकांना वाटायचं, पोरीची मजा आहे. मजा कसली डोंबलाची. उत्तर चुकलं की वर्गात एकदा बोलणी बसायची आणि घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता दुसऱ्यांदा. शाळेत इतर मुलींसारखंच तिला ‘बहनजी’ म्हणायचं, असा तिचाच हुकूम होता. मी तो पाळायचे. पण मनातून मला तिचा इतका अभिमान वाटायचा की तिनं हजेरी घेतली की माझा ‘उपस्थित’ उगाचच मोठ्यानं निघायचा.

शाळा मराठी मंडळींनी काढलेली, पण माझ्या वेळेपर्यंत निम्म्याहून जास्त मुली हिंदी घरांतल्या होत्या. आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिथे ती मराठी पुस्तकांतून शास्त्र शिकली. लग्न होऊन ग्वाल्हेरला आली आणि आजोबांच्या नाकावर टिच्चून कॉलेजात गेली, तिथे सगळं इंग्रजीतून. हिंदी तिला कुणी शिकवलीच नाही. दौलतगंजच्या भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता जी आली ती आली. त्यामुळे वर्गात तिचं वाक्य हिंदी असायचं, शास्त्राचे शब्द मराठी असायचे, आणि ती चिडली की वाक्यही साताऱ्याला निघून जायचं. हिंदी मुलींना एव्हाना तेही कळायला लागलं होतं.

ते दिवस सगळंच इकडचं तिकडे होण्याचे होते. आमचं घराणं शिपाईगिरी करत दख्खनेतून आलेलं. आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि संस्थानची फौज मोठ्या फौजेत गेली. आजोबांचं वय झालेलं, ते घरी आले. रोज सकाळी बूट चमकवायचे आणि ते घालून कुठेही जायचे नाहीत. पुढे मध्यभारतही उरला नाही. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला ठरली, आणि बाबांचं दफ्तर कपाटं, खुर्च्या, शिपाई यांच्यासकट तिकडे हललं. बाबा एका खोलीत दोघातिघांबरोबर राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. थाटीपूरच्या सरकारी घरांत मात्र नवीन माणसं येत होती, कुणी इंदूरकडची, कुणी जबलपूरकडची. त्यांच्या मुली आमच्या वर्गात यायला लागल्या.

नव्या राज्याबरोबर नवी हिंदी पुस्तकं आली आणि पाठोपाठ निरोप आला. शिक्षण खात्याचे एक साहेब येऊन विज्ञानाचा तास बघणार होते. नव्या पुस्तकाप्रमाणे, हिंदीतून नीट शिकवणं चालू असेल तर मुलींचा विज्ञानाचा वर्ग राहणार. नसेल तर बंद. मग ज्यांना विज्ञानच शिकायचं असेल त्यांनी मोरारला मुलांच्या शाळेत जावं. आमच्यापैकी एकीलाही घरचे मोरारला मुलांमध्ये पाठवणार नव्हते, हे त्या निरोपात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आईचं तर सगळंच त्यावर टांगलेलं होतं. आजोबा तिला एकदा म्हणालेच, “सूनबाई, त्या दहा-बारा पोरींसाठी इथे थांबून काय फायदा? दफ्तर गेलं, आता सामान बांधा. भोपाळात काय शाळा नाहीत?”

“शाळा आहेत, मामंजी. पण तिथे मुलींना विज्ञान शिकवायला मला कोण घेणार?” आई म्हणाली.

बाबा त्या वेळी घरी होते. ते मधला रस्ता काढणारे. “क्वार्टर तर मिळून जाईल,” ते म्हणाले. “पण मी काय म्हणतो, आधी साहेब येऊन जाऊ दे ना. वर्ग राहिला तर ही राहील. नाही राहिला तर मग बघूच.”

मला हे ‘बघूच’ अजिबात आवडलं नाही. आईलाही नसावं, कारण त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं आणि कुणी काही बोललं नाही.

साहेबांपुढे कोणता धडा घ्यायचा ते आईनंच ठरवलं. वायू किती आहे आणि तो जागा किती व्यापतो, यांचा संबंध. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्यातली अर्धी भांडी तडकलेली. आईनं घरून दोन बाटल्या, लिंबं आणि खाण्याचा सोडा आणला, बाजारातून फुगे आणले. दोन्ही बाटल्यांत लिंबाचा रस भरपूर घातला. एका फुग्यात एक चमचा सोडा, दुसऱ्यात दोन. फुगे बाटल्यांच्या तोंडाला बसवून वर उचलले की सोडा रसात पडला, फेस आला आणि फुगे फुगले. दुसरा फुगा मोठा होता, पण दुप्पट काही दिसेना. एका मुलीनं वेणीची रिबीन सोडली आणि दोन्ही फुग्यांभोवती गुंडाळून मोजली. दुप्पट सोडाच, दीडपटसुद्धा भरली नाही. मुली हिरमुसल्या.

“फुगा चहूकडे फुगतो,” आई म्हणाली. “तुझी रिबीन नुसती त्याची कंबर मोजते.”

मग तिनं घंगाळात पाणी घेतलं, खुणा केलेली काचेची नळी पाण्यानं भरून त्यात पालथी धरली आणि बाटलीतला वायू रबरी नळीनं तिच्यात सोडला. या वेळी चमचे न घेता चिमटी घेतल्या. एका मापाच्या सोड्यानं पाणी एका खुणेपर्यंत खाली गेलं, दोन मापांनी जवळपास दुप्पट खाली. अगदी दुप्पट नाही. थोडा वायू पाण्यानं गिळला, असं आईनं स्वतःहून सांगितलं. तिला जुळवून दाखवलेला प्रयोग खपत नसे.

“दुप्पट माल, दुप्पट जागा,” ती म्हणाली. “ताप वही, दाब वही. बस.”

इथवर सगळं छान होतं. पुढे नियम होता. सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाखाली कोणत्याही वायूचं सारखं आकारमान घ्या, त्यात रेणूंची संख्या सारखीच असते. वायू हलका असो, जड असो, वासाचा असो, बिनवासाचा असो. आईला हा नियम फार आवडायचा. ती म्हणायची, इतकी न्यायाची गोष्ट जगात दुसरी नाही. तोवर ती नवं पुस्तक न उघडताच शिकवत आली होती, कारण तिला पुस्तकाची गरजच पडायची नाही. पण साहेब व्याख्या शब्दशः विचारतील असं मोठ्या बाईंनी सांगितलं, म्हणून त्या दिवशी तिनं ते पुस्तक पहिल्यांदा वर्गात उघडलं आणि एका मुलीला वाचायला सांगितलं. मुलीनं वाचलं, ‘अणुओं की संख्या समान होती है।’

आईचा चेहरा बदलला. “काय? परत वाच.”

मुलीनं परत वाचलं. अणुओं की.

ज्यांचं शास्त्र मराठीतून झालं आहे त्यांना आई का चिडली ते लगेच कळेल. अणू म्हणजे सगळ्यात लहान, न तुटणारा. दोन किंवा जास्त अणू हातात हात घालून राहिले की त्यांचा होतो रेणू. नियम आहे तो रेणूंचा. तिथे अणू घातला की सगळं बिघडतं. दोन भांडी हायड्रोजन आणि एक भांडं ऑक्सिजन जाळलं तर वाफ दोन भांडी होते. भांड्याभांड्यात अणूच सारखे मोजले, तर ऑक्सिजनचा एकेक अणू दोन ठिकाणी पुरवावा लागेल, म्हणजे कापावा लागेल. आणि तो तर कापला जात नाही.

“छापणाऱ्यांनी वाट लावलीय,” आई म्हणाली. “निकालो लाल पेन्सिल. अणु काटो. लिखो, रेणु।”

हिंदी मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक धीट मुलगी उभी राहिली. “बहनजी, रेणु तो लड़कियों का नाम होता है।”

“होने दो,” आई म्हणाली. “काटो।”

सगळ्यांनी काटलं. मीही काटलं, जरा जास्तच जोर लावून. सरकारी पुस्तकातली चूक माझ्या आईनं पकडली होती आणि माझी छाती फुगून आली होती. मोठ्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या घाबरल्या. साहेब येण्याच्या तोंडावर छापील पुस्तकावर लाल रेघा कशाला, असं त्यांचं म्हणणं. आई ऐकते कुठे.

साहेब आले ते जबलपूरकडचे होते. उन्हातून आलेले, थकलेले, आवाज मऊ, हिंदी अशी की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातलेला. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या. साहेब मागच्या बाकावर बसले आणि शेजारच्या मुलीचं पुस्तक सहज उघडून बघायला लागले. ती मुलगी थाटीपूरच्या सरकारी घरांतली, वर्गात नव्यानं आलेली, कधी तोंड न उघडणारी. आईनं बाटल्या मांडल्या, प्रयोग केला, तो उत्तम झाला. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी पान उलटलं आणि त्यांना लाल रेघ दिसली. त्यांनी पुढच्या बाकावरचं पुस्तक मागून घेतलं. त्यातही लाल रेघ.

“यह किसने कटवाया?”

“मैंने,” आई म्हणाली. “किताब में गलती था।”

‘था’ ऐकून साहेबांच्या भुवया जरा हलल्या. पण ते शांतपणे म्हणाले, “गलती नहीं है, बहनजी। अणु ही ठीक है।”

“साहब, अणु तो टूटता नहीं। फिर पानी का भाप कैसे बनेगा?”

“जो नहीं टूटता, वह परमाणु है,” साहेब म्हणाले. “परमाणु मिलकर अणु बनाते हैं।”

 आईच्या हातात खडू होता, तो तसाच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की तिच्या डोक्यात दोन भाषा एकमेकींवर ठेवून बघणं चाललंय. आपला अणू तो त्यांचा परमाणु. आपला रेणू तो त्यांचा अणु. एकच शब्द, पण दोन भाषांत एका पायरीचा फरक. पुस्तक बरोबर होतं. तिनं वर्गभर पोरींना बरोबर शब्द खोडायला लावला होता, आणि तेही साहेबांच्या डोळ्यांदेखत उघडं पडलं होतं. मला वाटलं, झालं. आता सामान बांधायचं.

मोठ्या बाईंनी दाराशी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं. आईनं त्यांना हातानं थांबवलं.

“साहब, किताब सही है,” ती म्हणाली. “मैं गलत थी। हमारी मराठी में परमाणु को अणू बोलते हैं और अणु को रेणू। मैंने मराठी के कान से पढ़ा।” मग तिनं श्वास घेतला. “लेकिन शब्द मेरा गलत था। बात लड़कियों को सही आती है। आप देखो।”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. “दिखाइए,” ते म्हणाले.

आईनं बाक एकमेकांपासून लांब लांब ओढायला लावले. एक बाक म्हणजे एक अणु, ती म्हणाली, आणि या वेळी अणु म्हणताना अडखळली नाही. बाकावरची मुलगी म्हणजे परमाणु. हायड्रोजनच्या बाकावर दोघी. ऑक्सिजनच्या बाकावर दोघी. जागा बाकांवरून मोजायची, मुलींवरून नाही. हायड्रोजनचे दोन बाक, ऑक्सिजनचा एक. आता वाफ करा. आम्ही उठलो. ऑक्सिजनच्या दोघी एकमेकींपासून सुटल्या आणि हायड्रोजनच्या बाकांवर एकेक जाऊन बसल्या. दोन बाक, प्रत्येकावर तिघी. ऑक्सिजनचा बाक रिकामा. कुणालाही कापावं लागलं नाही.

“दो और एक मिलके दो,” आई म्हणाली.

साहेब पुढे सरकून बसले. त्यांना मजा वाटायला लागली होती, पण माणूस कच्चा नव्हता. “तीन लड़कियों की बेंच ज़्यादा जगह नहीं लेगी?”

“हमारे मेले का मैदान देखा है, साहब?” आई म्हणाली. “पूरे मैदान में दस बेंच दूर दूर रखो। उस पे दो बैठे या तीन, मैदान को क्या फरक? गैस में खाली जगह ही ज़्यादा है।”

 साहेबांनी शेजारच्या त्या गप्प मुलीकडे वळून विचारलं, अमोनिया माहीत आहे का. तिनं मान हलवली, नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, नायट्रोजनच्या बाकावर दोघी असतात. अमोनियाच्या बाकावर एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. नायट्रोजनचं एक भांडं घेतलं आणि हायड्रोजनची तीन, तर अमोनिया किती भांडी होईल?

हे आम्हाला शिकवलेलंच नव्हतं.  आई फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ती मुलगी उठली. आधी तिनं आमच्यातल्या दोघींना दंडाला धरून एका बाकावर बसवलं. मग तीन बाकांवर दोघी दोघी. मोजताना तिचे ओठ हलत होते. मग तिनं नायट्रोजनच्या दोघींना वेगळं केलं आणि एकेकीच्या भोवती तिघी तिघी कोंबल्या. आम्ही बाकावर चौघी, खांद्याला खांदा दाबून, हसू आवरत. ती मधोमध उभी राहिली, बाकांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

“दो बेंच। तो दो ही बर्तन।”

“चार बर्तन डाले थे,” साहेब म्हणाले. “दो कहाँ गए?”

“गए नहीं, सर। सब यहीं हैं। बेंच कम हो गईं।”

मी आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. त्या क्षणी मला तिचा जितका अभिमान वाटला तितका पुस्तकात चूक पकडली तेव्हा मुळीच वाटला नव्हता. तेव्हा ती नुसती सगळ्यांपेक्षा हुशार वाटली होती. आता तिचं शिकवणं दुसऱ्या मुलीच्या तोंडून, दुसऱ्याच भाषेत, तिच्या मदतीवाचून चालत होतं.

साहेब उठले. दाराशी मोठ्या बाईंना म्हणाले, “कक्षा चलेगी। यही पढ़ाएँगी।” मग आईकडे वळून, “हिंदी पर थोड़ा ध्यान दीजिए।”

“जी,” आई म्हणाली. “दूँगी।”

आम्ही घरी निघालो. आई नेहमी तरातरा चालायची आणि मला मागून पळावं लागायचं. त्या दिवशी ती माझ्या बरोबरीनं चालली. घर येईपर्यंत तिनं दोनदा अणु, परमाणु असं पुटपुटून बघितलं, जिभेवर नवी चव घेतल्यासारखं.  

आजोबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. आईला बघून त्यांनी विचारलं, “काय झालं तुमच्या साहेबांचं?”

“वर्ग राहिला, मामंजी,” आई म्हणाली. “मी इथेच आहे.”

मला वाटलं ती तेवढंच सांगेल. पण तिनं सगळं सांगितलं, लाल रेघांसकट. आपण कुठे चुकलो, साहेबांनी कसं पकडलं, आपण काय कबूल केलं. चुकीवर पांघरूण घालणं तिला घरीही जमत नसे. आजोबा ऐकत राहिले.

“म्हणजे सगळ्या पोरींसमोर, त्या साहेबासमोर, चुकले म्हणालात?”

“हो.”

“आणि तरी जागा सोडली नाहीत.”

“सोडून जाऊ कुठे?” आई म्हणाली.

आजोबांनी बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “फौज गेली. दफ्तर गेलं. या घरातलं एक ठाणं तेवढं राहिलं, सूनबाई, ते तुमचं.”

आणि ते उभे राहिले. सुनेसाठी खुर्ची सोडणारा सासरा मी तोवर कुणाच्या घरी पाहिला नव्हता. आई गडबडली. बसा ना मामंजी, चहा आणते, म्हणत आत गेली. ते बसले नाहीत. तिनं चहा आणून हातात देईपर्यंत ते खुर्चीशेजारी तसेच ताठ उभे होते.